एका दिवसात सेकंद किती?

एका दिवसात सेकंद किती, हा प्रश्न पाचवीतल्या मुलालाही अवघड नाही. चोवीस तास, तासाची साठ मिनिटे, मिनिटाचे साठ सेकंद. गुणाकार केला की ८६,४०० हे उत्तर येते. हाच गुणाकार आता संगणकाकडून करून घेऊ. सी प्लस प्लस ह्या भाषेत चारपाच ओळींची आज्ञावली, म्हणजे प्रोग्रॅम, लिहायची. तास, मिनिटे आणि सेकंद ह्यांना पूर्णांक म्हणून जाहीर करायचे. गुणाकार करून उत्तर पडद्यावर छापायचे. ही आज्ञावली ‘टर्बो सी प्लस प्लस’ नावाच्या, निळ्या पडद्याच्या जुन्या कंपायलरवर चालवली तर उत्तर येते २०,८६४.

म्हणजे दिवस पाच तास सत्तेचाळीस मिनिटे आणि चव्वेचाळीस सेकंदांचा झाला! गंमत अशी की, हे उत्तर देताना संगणक अडखळत नाही. ‘चूक’ असा शब्द पडद्यावर कोठेही उमटत नाही. ८६,४०० हे उत्तर आपल्याला आधीच ठाऊक होते म्हणून आपण दचकलो. ठाऊक नसते तर २०,८६४ हा आकडा आपण मुकाट्याने जर्नलमध्ये उतरवला असता आणि त्याखाली शिक्षकांची सहीही झाली असती.

हा निळा पडदा मुंबईपासून ठाणे, डोंबिवली, कल्याणपर्यंतच्या आणि खरे तर साऱ्या महाराष्ट्रातल्या महाविद्यालयांत एका पिढीने पाहिला आहे. काही प्रयोगशाळांतून तो अजून हललेला नाही. तो आता हलवावा, असे माझे स्पष्ट मत आहे. मात्र त्याचे कारण ‘जुने ते टाकाऊ’ एवढेच असते तर हा लेख लिहिण्याचे प्रयोजन नव्हते.

आधी २०,८६४ कोठून आले ते पाहू. संगणकात प्रत्येक संख्या ठरावीक मापाच्या खणात ठेवावी लागते. टर्बोमध्ये साध्या पूर्णांकासाठी, म्हणजे ‘इंट’साठी, १६ बिटांचा खण असतो. प्रत्येक बिट शून्य किंवा एक असा दोनच प्रकारे असू शकतो. म्हणून १६ बिटांच्या एकूण रचना २ चा सोळावा घात, म्हणजे ६५,५३६ होतात. त्यांतल्या निम्म्या ऋण संख्यांसाठी राखून ठेवल्या की खणात मावणारी सर्वांत मोठी संख्या उरते ३२,७६७. जुन्या स्कूटरमध्ये किलोमीटर मोजणाऱ्या चकत्या असत. ९९,९९९ झाले की पुढच्या किलोमीटरला सगळी शून्ये येत. स्कूटर नवी झाली असे कोणी मानत नसे. चकत्या संपल्या, एवढाच त्याचा अर्थ. येथेही तेच घडते. ८६,४०० मधून ६५,५३६ वजा करा. उरतात बरोबर २०,८६४.

दुसरे उदाहरण ह्याहून मजेदार आहे. आठ मुलांना एका बाकावर किती वेगवेगळ्या क्रमांनी बसवता येईल? आठचा क्रमगुणित, म्हणजे ४०,३२०. टर्बोचे उत्तर आहे उणे २५,२१६. ऋण प्रकारांनी बाकावर कसे बसायचे, हे संगणकच जाणे.

१६ बिटांचा खण कोणाच्या मूर्खपणामुळे आला असे मात्र समजू नका. इंटेल कंपनीचा ८०८६ हा सूक्ष्मप्रक्रियक १९७८ साली आला. त्याच्या पोटातले कप्पे १६ बिटांचे होते आणि त्याच्याच घराण्यातल्या प्रक्रियकांवर पुढे घरोघरचे संगणक चालू लागले. यंत्राच्या कप्प्याएवढाच पूर्णांक घेतला तर गणित जलद होते. त्या काळच्या यंत्राला साजेसाच तो निर्णय होता.

आता ह्या भाषेचा थोडा इतिहास. ब्यार्ने स्ट्रूस्ट्रूप ह्या डॅनिश शास्त्रज्ञाने अमेरिकेतल्या बेल प्रयोगशाळेत १९७९ मध्ये सी भाषेला नवे अवयव जोडण्यास सुरुवात केली. १९८३ मध्ये तिला सी प्लस प्लस हे नाव मिळाले. बोर्लंड ह्या अमेरिकन कंपनीने १९९० मध्ये टर्बो सी प्लस प्लस बाजारात आणले. कंपायलर म्हणजे आपण लिहिलेल्या आज्ञावलीचे यंत्राच्या भाषेत रूपांतर करणारी आज्ञावली. टर्बोत लिहिणे, तपासणे, रूपांतर करणे आणि चालवणे ही सगळी कामे एकाच पडद्यावर होत, तीही आजच्या मानाने अगदी चिमुकल्या मेमरीत. त्या काळी ही फार मोठी सोय होती. भारतातल्या हजारो विद्यार्थ्यांनी पहिली आज्ञावली ह्याच पडद्यावर लिहिली. त्याबद्दल कृतज्ञता बाळगण्यात काहीच गैर नाही.

परंतु भाषा तेथेच थांबली नाही. १९९८ साली सी प्लस प्लसचे आंतरराष्ट्रीय प्रमाण ठरले. मीटर म्हणजे नेमके किती, हे जसे जगाने एकमताने ठरवले, तसेच ह्या भाषेचे व्याकरण ठरले. पुढे २०११, २०१४, २०१७, २०२० आणि २०२३ मध्ये त्यात भर पडली. टर्बो मात्र प्रमाण ठरण्याच्या आधीचे. त्यामुळे टर्बोत शिकणारा विद्यार्थी प्रमाण भाषेच्या आधीची एक बोली शिकतो आणि आपण सी प्लस प्लस शिकलो असे समजतो.

हा विद्यार्थी घरी किंवा पुढच्या वर्गात आजच्या कंपायलरसमोर बसतो तेव्हा काय होते? वर्षभर पाठ केलेली आज्ञावली तो जशीच्या तशी लिहितो आणि पहिल्याच फटक्यात तांबड्या अक्षरांत चुकांची यादी येते. ‘आयोस्ट्रीम डॉट एच’ सापडत नाही, कारण प्रमाण भाषेत त्याचे शेपूट गेले आणि ते नुसते ‘आयोस्ट्रीम’ झाले. ‘सी-आउट’ ओळखत नाही, कारण आता ते ‘एसटीडी’ नावाच्या कुळात राहते व ते कूळ सांगावे लागते. ‘व्हॉइड मेन’ चालत नाही, ‘इंट मेन’ लिहावे लागते. पडदा पुसणारे ‘क्लिअर स्क्रीन’ आणि शेवटी कळ दाबेपर्यंत पडदा थांबवून धरणारे ‘गेट-सीएच’ ही तर भाषेची अंगेच नव्हती. ती त्या काळच्या डॉस प्रणालीची देणगी होती. ‘व्हॉइड मेन’ सी प्लस प्लसमध्ये कधीच नव्हते, असे खुद्द स्ट्रूस्ट्रूप ह्यांनी सांगून ठेवले आहे. आपल्याकडे मात्र असंख्य वह्यांची पहिली ओळ तीच असते.

तांबडी यादी पाहून मुलगा किंवा मुलगी घाबरते. मराठी माध्यमातून आलेल्या विद्यार्थ्याला तर इंग्रजीतल्या त्या ओळी वाचतानाच घाम फुटतो. त्याला वाटते, आपल्याला हा विषय येत नाही. खरे तर त्याला विषय येत असतो. चक्र, अट, सरणी ह्या कल्पना त्याला नीट कळलेल्या असतात. फक्त त्याचा पत्ता जुना असतो. ह्या एका गैरसमजापायी एखाद्या हुशार मुलीने संगणकशास्त्राकडे पाठ फिरवावी, हे मला सर्वांत मोठे नुकसान वाटते.

येथे थोडे थांबून नीट विचार करा. वर सांगितलेल्या साऱ्या चुका ओरडणाऱ्या आहेत. आज्ञावली चालतच नाही, कोणत्या ओळीत बिघाड आहे तेही कंपायलर सांगतो. चार ठिकाणी बदल केला की काम भागते. पाच मिनिटांचे काम. ८६,४०० चे २०,८६४ झाले ती चूक मात्र मुकी आहे. आपण ओरडणाऱ्या चुकांना भितो आणि त्यांच्या भीतीने मुक्या चुकांच्या घरात मुक्काम ठोकतो. घरातली गळती आवाज करत नाही म्हणून छप्पर शाबूत आहे असे मानण्यासारखेच हे आहे.

मुकी चूक किती महाग पडू शकते, हे ४ जून १९९६ रोजी जगाने पाहिले. दक्षिण अमेरिकेतल्या फ्रेंच गियानामधील कुरू येथून युरोपचे ‘एरियन ५’ हे नवे अग्निबाण पहिल्यांदाच उडाले आणि चाळीसेक सेकंदांत आकाशातच नष्ट झाले. त्याच्यावर चार वैज्ञानिक उपग्रह होते. चौकशीत आढळले ते असे. दिशा आणि वेग सांगणाऱ्या यंत्रणेची आज्ञावली आधीच्या ‘एरियन ४’ वरून उचलली होती. त्या जुन्या बाणावर ती वर्षानुवर्षे बिनबोभाट चालली होती. तिच्यात आडव्या वेगाशी निगडित असलेली एक ६४ बिटांची अपूर्णांकी संख्या १६ बिटांच्या पूर्णांकात घातली जात असे. एरियन ४ वर ती संख्या खणात मावत होती. एरियन ५ चा आडवा वेग अधिक, संख्या मोठी झाली, ती खणात मावेना. मुख्य संगणक बंद पडला तर असावा म्हणून दुसरा राखीव संगणक होता. पण त्याच्यातही तीच आज्ञावली, त्यामुळे तोही त्याच कारणाने बंद पडला. आणखी एक चटका लावणारी गोष्ट सांगतो. आज्ञावलीच्या ज्या भागात हे घडले, त्या भागाची एरियन ५ ला उड्डाणानंतर गरजच नव्हती. पूर्वीपासून होता म्हणून ठेवला होता.

तेथील भाषा वेगळी होती, अभियंते निष्णात होते. पण ‘आधी चालत होते’ ह्या वाक्यावर विसंबण्याची सवय जगात सगळीकडे एकच.

आता शिक्षक बंधुभगिनींची बाजू ऐकू. मी स्वतः शिकवतो, त्यामुळे ही बाजू मला परकी नाही. ते म्हणतात, आम्ही संकल्पना शिकवतो, कंपायलर कोणता ह्याने काय फरक पडतो? प्रयोगशाळेतली यंत्रे जुनी आहेत. नोट्स तयार आहेत. पुस्तके त्याच पद्धतीने छापली आहेत. मुलांना परीक्षेत उत्तीर्ण करायचे आहे. ह्यांतले एकही कारण खोटे नाही.

पहिल्या मुद्द्याला माझे उत्तर असे. संकल्पना टिकतात हे खरे, परंतु टर्बोत काही संकल्पना शिकवताच येत नाहीत. शब्द साठवण्यासाठी प्रमाण भाषेत ‘स्ट्रिंग’ आहे, लागेल तशी वाढणारी यादी करण्यासाठी ‘व्हेक्टर’ आहे, खरे-खोटे साठवण्यासाठी ‘बूल’ आहे. टर्बोत ह्यांपैकी काहीही नाही. मग मुले नाव साठवायला वीस अक्षरांची सरणी घेतात आणि ‘चंद्रशेखर सदाशिव’ असे नाव इंग्रजीत लिहिणारा कोणी आला की शेजारची मेमरी तुडवली जाते. तीही मुकी चूकच.

यंत्रे जुनी आहेत, ह्या मुद्द्याची तर आता उलटी परिस्थिती झाली आहे. ६४ बिटांच्या विंडोजवर १६ बिटांच्या आज्ञावल्या चालतच नाहीत. म्हणून नव्या यंत्रात ‘डॉसबॉक्स’ नावाची आज्ञावली घालतात. ती जुन्या संगणकाचे सोंग घेते आणि त्या सोंगाच्या आत टर्बो चालवतात! जुने टिकवण्यासाठी एवढा खटाटोप करण्याची तयारी असेल, तर त्याहून कमी खटाटोपात नवे शिकता येते. जीएनयू प्रकल्पाचा कंपायलर मुक्त आहे, फुकट मिळतो, लिनक्सवरही चालतो आणि विंडोजवरही.

खरे मूळ परीक्षेत आहे. राज्य मंडळाच्या बारावीच्या संगणकशास्त्रात सी प्लस प्लस ही भाषा वर्षानुवर्षे शिकवली गेली. विद्यापीठांतही तेच. लेखी परीक्षेत आज्ञावली कागदावर लिहायची असते आणि कागदावर कोणताच कंपायलर चालत नाही. कागद सगळे सोसतो. जुन्या बोलीतल्या उत्तराला गुण मिळत राहतात, म्हणून जुनी बोली शिकवली जाते, म्हणून पुढच्या वर्षीचे परीक्षकही तीच अपेक्षितात. हे चक्र आहे आणि त्यातून बाहेर पडण्याची अट कोणी लिहिलेली नाही.

ती कशी लिहावी, ह्याचा नमुना आपल्या डोक्यावरून जाणाऱ्या तारेत आहे. कल्याण-डोंबिवलीची मुले ज्या लोकलने ठाण्याला शिकायला येतात, तिची तार पूर्वी वेगळी होती. मुंबईत विजेवरची पहिली गाडी ३ फेब्रुवारी १९२५ रोजी धावली, ती १५०० व्होल्टच्या एकदिश प्रवाहावर. आज त्याच मार्गांवर २५,००० व्होल्टचा प्रत्यावर्ती प्रवाह आहे. हा बदल कशासाठी केला? हिशेब सोपा आहे. गाडीला ३,००० किलोवॅट शक्ती हवी असे समजा. १५०० व्होल्टला त्यासाठी २,००० अँपिअर प्रवाह लागेल. २५,००० व्होल्टला ढोबळमानाने १२० अँपिअर पुरतील. तारेत उष्णतेच्या रूपाने वाया जाणारी शक्ती प्रवाहाच्या वर्गाच्या प्रमाणात असते. प्रवाह साधारण सतरापट कमी झाला की त्याच तारेतला अपव्यय पावणेतीनशेपटींहून अधिक घटतो. नववी-दहावीच्या विज्ञानात शिकलेल्या ओहम आणि ज्यूल ह्यांच्या नियमांचा ह्याहून चांगला उपयोग क्वचितच सापडेल.

पण मला सांगायचे आहे ते निराळे. रोज लाखो माणसे वाहणारी ही यंत्रणा एका रात्रीत बदलता येत नाही आणि ‘बदलणे अवघड आहे’ म्हणून तशीच ठेवताही येत नाही. रेल्वेने काय केले? आधी दोन्ही विद्युत्‌दाबांवर चालणाऱ्या गाड्या आणल्या. मग टप्प्याटप्प्याने तारेतला दाब बदलला. मध्य रेल्वेच्या उपनगरी मुख्य मार्गावरचे काम जून २०१५ मध्ये संपले, हार्बर मार्गावरचे एप्रिल २०१६ मध्ये. त्यानंतर एकदिश प्रवाहावरच्या जुन्या गाड्या निवृत्त झाल्या. दुहेरी काळ होता, पण त्याला शेवटही होता.

शाळा-महाविद्यालयांनीही असेच करावे. एक-दोन वर्षे परीक्षकांनी जुनी आणि प्रमाण अशी दोन्ही रूपे ग्राह्य धरावीत. ‘इंट मेन’ लिहिले म्हणून कोणाचाही गुण कापला जाऊ नये आणि ‘व्हॉइड मेन’ लिहिले म्हणूनही नाही. ह्या काळात वर्गात मात्र प्रमाण रूपच शिकवावे. शेवटची तारीख आधीच जाहीर करावी आणि ती आली की जुने रूप बंद करावे. तारीख जाहीर केली नाही तर दुहेरी काळ कायमचा होतो. पायथन ह्या भाषेच्या जनकांनाही हा अनुभव आला. पायथनची तिसरी आवृत्ती डिसेंबर २००८ मध्ये निघाली, पण लोक दुसरीला चिकटून राहिले. २०१५ ही शेवटाची तारीख पाच वर्षे पुढे ढकलावी लागली. १ जानेवारी २०२० रोजी दुसऱ्या आवृत्तीची देखभाल थांबली. अकरा वर्षांपैकी बराच काळ जग दोन तारांखाली चालत होते.

मदत हवी असेल तर ती लांब नाही. पवईच्या आयआयटीच्या ‘स्पोकन ट्युटोरिअल’ प्रकल्पाने सी आणि सी प्लस प्लस शिकवणाऱ्या छोट्या ध्वनिचित्रफिती तयार केल्या आहेत. त्या लिनक्सवर आणि जीएनयूच्याच कंपायलरवर आधारलेल्या आहेत आणि मराठीतही ऐकता येतात. रेखाचित्रे काढण्याची सोय टर्बोतच आहे, अशी सबब काही जण सांगतात. त्याच संस्थेतले प्राध्यापक अभिराम रानडे ह्यांनी ‘सिम्पलसीपीपी’ नावाचा संच केला आहे. त्यात पडद्यावर एक कासव चालते आणि चालता चालता रेघा ओढते. चौकोन, तारा, प्रक्षेपित दगडाचा मार्ग, सारे काही त्यातून काढता येते. पदार्थविज्ञानाच्या शिक्षकांनी तर तो आवर्जून पाहावा.

आता दुसरी बाजू. नवा कंपायलर म्हणजे सत्यवचनी हरिश्चंद्र, अशी समजूत करून घेऊ नका. जुन्या घरातून सामान हलवतानाच काही मुक्या चुका नव्याने जन्म घेतात. समजा, टर्बोत लिहिलेल्या आज्ञावलीने हजेरी क्रमांक १२ आणि गुण ३५ असे दोन पूर्णांक द्विमान पद्धतीच्या फाइलमध्ये साठवले. प्रत्येकी दोन बाइट. नवा कंपायलर पूर्णांकाला सहसा चार बाइट देतो. तीच फाइल वाचताना तो पहिल्या चार बाइटांचा एकच पूर्णांक करतो आणि हजेरी क्रमांक सांगतो २२,९३,७७२. हा आकडा कोठून आला? ३५ ला ६५,५३६ ने गुणून त्यात १२ मिळवा. वर्गात बावीस लाख मुले नसतात म्हणून ही चूक लगेच लक्षात येते. आकडा जरा सभ्य असता तर कोणाला कळले नसते.

३२ बिटांच्या खणालाही तळ आहे. त्यात २,१४,७४,८३,६४७ पर्यंतच्या संख्या मावतात. बाराचा क्रमगुणित ४७,९०,०१,६०० बरोबर येतो. तेराचा यायला हवा ६,२२,७०,२०,८००. पडद्यावर सहसा येतो १,९३,२०,५३,५०४. म्हणजे टर्बो आठला फसला, नवा तेराला फसतो. ‘लाँग लाँग’ हा ६४ बिटांचा खण घेतला तर विसापर्यंत जाता येते, एकविसाला तोही कोलमडतो. फॅरनहाइटचे सेल्सिअस करताना पाच भागिले नऊ असे नुसते पूर्णांक लिहिलेत, तर जुन्या आणि नव्या दोन्ही कंपायलरांत भागाकार शून्य येतो, कारण पूर्णांकी भागाकारात अपूर्णांक टाकून देतात. पायथनच्या तिसऱ्या आवृत्तीने हा नियम बदलला, सी प्लस प्लसने बदलला नाही. आणि ज्या संगणकांत १ जानेवारी १९७० पासूनचे सेकंद ३२ बिटांच्या खणात मोजले जातात, त्यांची चकती १९ जानेवारी २०३८ रोजी भारतीय वेळेनुसार सकाळी ८ वाजून ४४ मिनिटे ७ सेकंदांनी भरेल. मंगळवारची सकाळ असेल, लोकलला ऐन गर्दी. तुमच्यापैकी कित्येक जण तेव्हा नोकरीवर निघालेले असतील. ते संगणक वेळीच दुरुस्त करण्याचे काम कदाचित तुमच्याकडेच येईल.

व्हर्निअर कॅलिपर हाती घेतला की आपण आधी त्याची शून्य त्रुटी पाहतो, मगच गोळ्याचा व्यास मोजतो. नव्या कंपायलरकडे जुनी आज्ञावली नेताना हाच रिवाज पाळावा. ती चालली एवढ्यावर समाधान मानू नये. उत्तर आधीच ठाऊक असलेली दोनतीन उदाहरणे जवळ ठेवावीत, त्यांतले एक मुद्दाम मोठ्या संख्येचे असावे, आणि ती आधी चालवून पाहावीत. जर्नलमध्ये आज्ञावलीच्या खाली हाताने केलेला पडताळा लिहिण्यासाठी दोन ओळी राखून ठेवल्या, तर त्या दोन ओळी तपासणे मला बाकीचे पान तपासण्यापेक्षा अधिक आवडेल.

शेवटी एक प्रयोग. टर्बोच्या काळी पडद्यावर देवनागरी उमटवायची तर पुण्याच्या सी-डॅकचे ‘जिस्ट’ कार्ड संगणकात बसवावे लागे. आज लिनक्सवरच्या कंपायलरमध्ये ‘ठाणे’ हा शब्द अवतरणात घालून ‘स्ट्रिंग’मध्ये ठेवता येतो आणि तसाच छापता येतो. आता त्या स्ट्रिंगची लांबी विचारा. उत्तर येते १२. डोळ्यांना तर दोनच अक्षरे दिसतात! युनिकोड पद्धतीत ठ, काना, ण आणि मात्रा ही चार स्वतंत्र चिन्हे आहेत, आणि साठवणीच्या नेहमीच्या रीतीत देवनागरीच्या प्रत्येक चिन्हाला तीन बाइट लागतात. स्ट्रिंग अक्षरे मोजत नाही, बाइट मोजते. ‘कल्याण’ला १८ आणि ‘डोंबिवली’ला २४ का येतात, ते आधी कागदावर मांडा. अनुस्वार आणि हलन्त विसरू नका. मग तुमच्या स्वतःच्या गावाचे उत्तर काढा आणि ते लिहून ठेवल्यावरच संगणकाला विचारा.